दुपारचा नमुना

हे मी लिहिणार नव्हतो. वकिलांनी बजावलंय, केस संपेपर्यंत कुठं काही लिहायचं नाही, फोनवर तर अजिबात नाही. मी बरं म्हणून आलो. पण दुपारी शेडवर कोंबड्यांना पाणी सोडून बसलो की अंगठे गप्प बसत नाहीत. आणि परवा इम्तियाजची तारीख आहे. साक्षीदार मी. म्हणून लिहितोय, जसं आठवेल तसं. मधेच उठावं लागलं तर उठेन.

त्या दिवशी इम्तियाज आला तेव्हा मी मेलेल्या कोंबड्या वेचत होतो. तो दारातच थांबला. बाहेरची चप्पल आत आणली की मी ओरडतो हे त्याला माहीत होतं.

"धैर्या, हात धू," तो म्हणाला. "पावणं आणल्यात."

पावणं म्हणजे काय, तर गोळ्यांच्या रिकाम्या डबीत वर्तमानपत्राचा तुकडा, आणि त्यावर पाखरांची शिट. मोहरीएवढाले ठिपके.

इम्तियाज मुल्लाणी शाळेपासूनचा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जत्रेची बकरी कापायचं काम, आणि हा मात्र घरट्यातनं पडलेली पिल्लं शर्टाच्या खिशात घालून हिंडायचा. त्याचा बापच म्हणायचा, या पोराच्या हातात सुरी दिली तर बकरंच याची समजूत काढील. पुढं साप धर, घुबड सोडव असं करत करत वनखात्यानं त्याला मदतनीस म्हणून एक कार्ड दिलं. पगार नाही, कार्डच. पण ते कार्ड तो पाकिटात आईच्या फोटोच्या पुढं ठेवायचा.

आदल्या आठवड्यात घाटातल्या नाक्यावर एक टेम्पो अडवला होता. वरच्या क्रेटमध्ये ब्रॉयलर कोंबड्या. खालच्या क्रेटमध्ये, कोंबड्यांची घाण अंगावर घेत, दाबून भरलेले चष्मेवाले. चष्मेवाला म्हणजे हिरवट पिवळं पाखरू, मुठीत धरलं तरी मुठीत जागा उरेल एवढं. डोळ्याभोवती पांढरं कडं, म्हणून चष्मेवाला. जंगलात थव्यानं हिंडतं, फुलातला रस पितं, किडे खातं. शहरात कुणीतरी पिंजऱ्यात ठेवतं.

माझा चष्मा जाड भिंगाचा आहे. इम्तियाजनं तो मुद्दा सोडला नाही.

"तुझीच भावकी हाय मर्दा. तू न्हाई बघणार तर कोण बघणार?"

पाखरं कोर्टाच्या भाषेत मुद्देमाल होती. कोर्टानं हुकूम दिला होता की पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला आला की जंगलात सोडा. तोवर घाटाखालच्या रोपवाटिकेत, हिरव्या जाळीच्या घरात ठेवलेली. सांभाळायला इम्तियाज. आणि ती मरायला लागली होती. आज एक, उद्या दोन.

दाखला द्यायचा होता तालुक्याच्या सरनोबत मॅडमनी. त्यांना मी माहीत होतो. मी शिकलेला नाही, बारावीनंतर सरळ वडिलांच्या शेडवर. एका लॉटला कॉक्सी आली, म्हणजे रक्ती हगवण, आणि निम्मी शेड आडवी झाली. पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर म्हणाला, नशीब. मला ते पटलं नाही. कोल्हापुरात एक लॅब बंद होत होती, तिथनं जुना मायक्रोस्कोप आणला आणि फोनवर वाचून, चुकून, परत वाचून शिकलो. शिट साखरेच्या घट्ट पाण्यात ढवळायची, गाळायची, नळीत काठोकाठ भरून वर पातळ काच ठेवायची. कॉक्सी म्हणजे आतड्यात वाढणारा बारीक जीव, त्याची अंडी हलकी, ती तरंगून काचेला चिकटतात. खरं तर ती अंडी नव्हेत, पण आम्ही अंडीच म्हणतो. आईनं साखरेचा डबा लपवायला सुरुवात केली ती तेव्हापासनं.

मॅडमनी इम्तियाजला सांगितलं होतं, धैर्यशीलला बघायला सांग. त्यांना भीती एकच. ही पाखरं कोंबड्यांच्या घाणीत बसून आली. त्यांच्या पोटात कोंबडीची कॉक्सी गेली असेल, आणि आपण ती जंगलात सोडली, तर उद्या रानकोंबड्यांचं काय. मला ते बरोबर वाटलं. म्हणजे मला दोन गोष्टी बघायच्या होत्या. अंडी आहेत का. आणि असली तर कोंबडीची, की पाखरांची स्वतःची.

पहिल्या दिवशी काच कोरी. दुसऱ्या दिवशी कोरी. इम्तियाज रोज सकाळी जाळीघर झाडायचा, खालचा पेपर बदलायचा आणि जुन्या पेपरवरची ताजी ताजी शिट माझ्याकडं आणायचा. मी काचेचा कोपरान्‌कोपरा बघायचो. काही नाही. इम्तियाज खूश. मी पण खूश. मॅडमना फोन करून सांगितलं, स्वच्छ आहेत.

पण मरायची थांबेनात. अंग फुलवून बसायची, गोटीसारखी गोल, डोळे मिटून. मग खाली. इम्तियाजनं एक मेलेलं पेढ्यांच्या खोक्यात घालून आणलं. छातीचं हाड नुसतं सुरीसारखं वर आलेलं. मी ब्लेडनं उघडलं. आतडं फुगलेलं, दोऱ्याच्या जागी सुतळी. आतनं जरासं खरवडून काचेवर घेतलं आणि बघितलं, तर भरलेलं. कॉक्सीनं गच्च.

मला काही कळेना. आत एवढी आहेत, तर बाहेर का पडत नाहीत? मी साखरेचं पाणी नवीन केलं. माझ्या कोंबड्यांची शिट घेऊन तपासली, त्यात बरोबर दिसली. मग पाखरांची घेतली, कोरी. मला वाटलं आपल्याला येतच नाही काही. उगाच गावभर मायक्रोस्कोपवाला म्हणून मिरवतोय.

मग एका शुक्रवारी काचेवर अंडीच अंडी. मला वाटलं नळी नीट धुतली नाही, कोंबडीचं काही राहिलं. शनिवारी परत कोरं. पुढच्या शुक्रवारी परत तेच, जिकडं बघावं तिकडं गोल गोल.

इम्तियाजला विचारलं, शुक्रवारी तू वेगळं काय करतोस.

"आंघोळ," तो म्हणाला.

मग माझं तोंड बघून जरा विचार केला. शुक्रवारी तो जुम्म्याच्या नमाजाला तालुक्याला जायचा. येईस्तोवर दुपार कलायची. त्यामुळं त्या दिवशीची झाडलोट सकाळी नाही, दुपारनंतर. बाकी काही वेगळं नाही.

मी त्याला म्हटलं, उद्या शनिवार आहे, तरी पण दुपारी आण. सकाळी पण आण, वेगवेगळ्या डब्यात.

सकाळचं कोरं. दुपारचं भरलेलं.

मग वाचत सुटलो. कुठं कुठं लिहिलेलं सापडलं, की रानातल्या बारक्या पाखरांत ही अंडी दुपार ढळल्यावरच बाहेर पडतात. सकाळी पडली तर दिवसभराच्या उन्हात वाळून मरतील म्हणून असावं. कोंबडीत मला कधी घड्याळ बघावं लागलं नव्हतं, म्हणून इथंही बघितलं नव्हतं. पोल्ट्रीवाल्याची अक्कल. इतके दिवस मी रोज मन लावून चुकीच्या वेळेची शिट बघत होतो.

इम्तियाजचं तोंड उतरलं. मी त्याला म्हटलं, थांब, अजून संपलं नाही. कुणाची आहेत ते बघू दे. त्यांची स्वतःचीच निघाली तर जंगलात नवीन काहीच जात नाही.

ते ओळखायला थांबावं लागतं. ताज्या अंड्यात नुसता एक गोळा असतो, सगळ्यांचा सारखाच. ती नारिंगी औषधाच्या पाण्यात पातळ पसरून, हवा लागेल अशी ठेवायची. मग काही दिवसांनी आत पिशव्या तयार होतात. कोंबडीच्या कॉक्सीत चार पिशव्या आणि प्रत्येकीत दोन पिल्लं. या बारक्या पाखरांच्या स्वतःच्या कॉक्सीत दोन पिशव्या आणि प्रत्येकीत चार. बेरीज दोन्हीकडं आठच. पण घर वेगळं.

मी आईच्या चहाच्या बशा घेतल्या. आई म्हणाली, त्या बशा आता घरात परत आणू नकोस. खिडकीत बशा मांडून मी बसलो. रोज बघायचो, गोळा तसाच. रोज इम्तियाजचा फोन, आज एक गेलं. आज दोन. मी काय सांगणार. बशीला घाई करता येत नाही.

एक दिवस बघितलं तर गोळे फुटून पिशव्या झाल्या होत्या. दोन. दुसरं अंडं, दोन. सगळी काच फिरलो, प्रत्येकात दोनच पिशव्या. मी शेडमधनं पळत बाहेर आलो आणि इम्तियाजला फोन लावला.

तो म्हणाला, "मग सुटली म्हणायची?"

मी म्हटलं, अजून एक करू. रोपवाटिकेच्या कडेला पांगारा फुलला होता. त्यावर जंगलातले चष्मेवाले रोज यायचे. जाळीतली त्यांना हाका मारायची, तिकडची उत्तर द्यायची. कधी कधी बाहेरची येऊन जाळीवरच बसायची, आणि आतली खालून त्यांच्या पायाला चोच लावायची. त्या बाहेरच्यांची शिट पाहिजे होती. झाडाखाली अंथरायला काही नव्हतं, तेव्हा इम्तियाजनं चौकातला एक जुना फ्लेक्स काढून आणला, कुणा भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा. उलटा घाल म्हटलं तर म्हणाला, उलटी बाजू काळी हाय, दिसायचं न्हाई. दुपारभर आम्ही लांब बसून राहिलो.

"गालावरनं घे," तो म्हणाला. "कपाळावरची जुनी हाय."

त्यातही होती. थोडी, शोधावी लागली. पण बशीत ठेवल्यावर तीच. दोनच पिशव्या. म्हणजे जंगलातल्या पाखरांच्या पोटात हे आधीपासनंच होतं. तिथं ती आज या झाडावर, उद्या त्या झाडावर, स्वतःच्या घाणीत परत बसत नाहीत, म्हणून थोडंच राहतं. जाळीत तीच शिट, तीच फांदी, तेच केळं. तिथं ते वाढत जातं. त्यांना मारत होतं ते जाळीघर.

मी सरनोबत मॅडमना बोलावलं. त्या दुपारचं जेवण सोडून आल्या. स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी स्वतः बघितलं. जाळीतला नमुना, झाडाखालचा नमुना, शेजारी माझ्या कोंबडीचा. तिन्ही नमुने परत एकदा फिरवून बघितले. मग म्हणाल्या, कॉलेजनंतर हे इतकं स्पष्ट पहिल्यांदा बघतेय. मला फार बरं वाटलं. इम्तियाज दारात उभा राहून दात काढत होता.

मग त्यांनी विचारलं, "आधी फोनवर तू स्वच्छ आहेत म्हणाला होतास ना?"

मी सगळं सांगितलं. सकाळचं, शुक्रवारचं, दुपारचं. मी तर कौतुकानं सांगत होतो. सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे मी सकाळी येऊन नमुना घेतला तर पाखरं निरोगी, आणि दुपारी घेतला तर रोगी," त्या म्हणाल्या.

"मग सकाळी या की मॅडम," इम्तियाज म्हणाला. "हितं सगळ्यांची कामं सकाळचीच असत्यात."

मॅडम हसल्या नाहीत.

"आता मला कळलंय ना रे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, पण मॅडम, त्यांचीच आहेत. दोनच पिशव्या आहेत. बाहेरच्यांत पण तेच आहे.

"धैर्यशील, परजीवी कुणाचे आहेत ते दाखल्यात मला विचारलेलंच नाही. आहेत की नाहीत, एवढंच विचारलंय."

त्या वाईट बाई नव्हेत. त्यांनी वर सविस्तर लिहिलं, मी काढलेले फोटो जोडले, मला वाचूनही दाखवलं. सगळं बरोबर लिहिलं होतं. उत्तर आलं ते एका ओळीचं. परजीवी निरंक होईपर्यंत उपचार करावेत.

निरंक. जंगलातलं पाखरू पण निरंक नव्हतं.

उपचार केले. मीच औषध दिलं, कोंबड्यांना देतो तेच, मॅडमनी मोजून दिलेल्या मात्रेत, साखरेच्या पाण्यात घालून. इम्तियाज फांद्या बदलायचा, पेपर दिवसातनं तीनदा काढायचा, पाण्याची भांडी उकळून घ्यायचा. थोडे दिवस अंडी कमी झाली. मग परत वाढली. औषध आतड्यापर्यंत जातं, फांदीवर वाळलेल्या शिटीपर्यंत जात नाही. मी दुपारचा नमुना बघायचो आणि त्याला फोन करायचो. तो लगेच उचलायचा. मी म्हणायचो, आहेत. तो म्हणायचा, बरं.

एकदा त्यानं विचारलं, तू बघायचंच बंद केलंस तर? मी म्हटलं, मग ती आत राहून मरतील, आपल्याला आकडा कळणार नाही एवढंच. त्यावर तो म्हणाला, तसं पण तेच चाललंय.

पांगाऱ्याची फुलं गळत आली होती. म्हणजे बाहेरचा थवा आता दुसरीकडं जाणार. जाळीत आधीच्या निम्म्यानं पण उरली नव्हती.

एका दुपारी इम्तियाजचा फोन आला. "डब्या न्हाईत आज. तू नुसता ये."

मी गेलो तेव्हा जाळीघराची एक अख्खी बाजू गुंडाळून वर बांधलेली होती. सुतळीनं, नीट, गाठ मारून. फाडलेली नव्हती. इम्तियाज आत जमिनीवर मांडी घालून बसला होता. आणि पाखरं पण आतच, फांद्यांवर, ओळीनं. समोर सगळं उघडं, आणि एक पण जात नव्हतं. मला वाटलं, त्यांना कळलेलंच नाही.

मी काहीतरी बोलणार होतो. त्यानं हातानंच गप्प म्हटलं.

मग पांगाऱ्यावर बाहेरचा थवा आला. नेहमीसारखी बारीक किणकिण सुरू झाली. आतल्यांनी उत्तर दिलं. एक उडालं, जाळी जिथं असायची तिथं हवेतच जरा थबकलं, आणि गेलं. मग दुसरं. मग सगळी एकदम. कुठली आतली, कुठली बाहेरची, मला एवढ्या जाड चष्म्यातनं पण सांगता आलं नाही. थोड्या वेळानं थवा उठला आणि घाटाकडं गेला.

खाली काही राहिली होती. गोटीसारखी, अंग फुलवून. ती उडण्यातली नव्हती. इम्तियाजनं त्यांच्यापुढं केळ्याचा तुकडा सरकवला, खिशातनं फोन काढला आणि रेंजर साहेबांना लावला.

"साहेब, इम्तियाज बोलतोय. मुद्देमाल गेला. मीच सोडला. हितंच बसलोय, तुम्ही या."

मी म्हटलं, लेका, वाऱ्यानं जाळी सुटली म्हणाला असतास. त्यानं वर सुतळीच्या गाठीकडं बोट दाखवलं. पंचनामा होईपर्यंत राहिलेली पाखरं पण मेली. त्यांना कापडात गुंडाळून सील केलं. कार्ड त्यानं स्वतःच काढून दिलं. आईचा फोटो पुढं आला.

त्याला वर्षं झाली. केस चालूच आहे. आरोप दोन. कोर्टाच्या ताब्यातला मुद्देमाल सोडला, आणि रोगी पाखरं जंगलात सोडून रोग पसरवला. दुसरा जड आहे. सरनोबत मॅडमची कधीच बदली झाली, त्यांचं पत्र कागदांत आहे म्हणतात, पण अजून कुणी वाचून दाखवलेलं नाही. इम्तियाज आता कोंबडीखाद्याचा टेम्पो चालवतो. माझ्याच शेडवर पोती उतरवतो.

इम्तियाजच्या वकिलांचं म्हणणं साधं आहे. माझ्याकडं सकाळचे नमुने आहेत, सगळे स्वच्छ. ते खरेच आहेत. तेवढंच सांगायचं, पाखरं निरोगी होती, विषय संपला. दुपारचं काढलंस तर दोन पिशव्या, चार पिशव्या कोण ऐकून घेणार? कोर्टाला "रोग होता" एवढंच ऐकू येईल.

आज इम्तियाज पोती घेऊन आला होता. उतरवून झाल्यावर पाणी प्यायला, टेम्पोच्या सावलीत बसला. मी त्याला वकिलांचं सांगितलं. म्हटलं, खोटं काहीच नाही त्यात. सुटशील.

त्यानं हातावरचा भुसा झाडला.

"सुटंन," तो म्हणाला. "पण मग मी काय केलं? सगळी बरी होती म्हणून सोडली? मला म्हाईत होतं काय हाय त्यांच्या पोटात. तू दाखवलंतंस. ते बघून सोडली मी."

मी म्हटलं, दुपारचं सांगितलं तर आत जाशील.

"जाईन. ती पण आतच होती की. सकाळचंच सांगितलंस तर ते जाळीघर बरं होतं असं हुईल, धैर्या. पुढच्या येळंला परत तिथंच ठेवतील."

शेडमध्ये पाण्याची टाकी भरून वाहायला लागली होती. मला उठायला पाहिजे होतं. मी उठलो नाही.

"दोन्ही सांगतो," मी त्याला म्हटलं. "सकाळचं पण, दुपारचं पण. आणि कुणाची ते कुणी विचारलं नाही तरी सांगतो. दोनच पिशव्या होत्या."